या मूक साक्षीदाराला तरी फितूर होऊ देऊ नका

तिवस्याच्या बस स्टँडजवळ चहा घेताना एका तरुण कार्यकर्त्याने आम्हाला विचारले, "काहो भाऊ, एका केसावरून फाशी होते काय?" टीव्हीवरच्या मालिकेत त्याने तसे पाहिले होते. घटनास्थळी एक केस सापडतो, पांढरा कोट घातलेला माणूस तो सूक्ष्मदर्शकाखाली धरतो आणि पुढच्या दहा मिनिटांत आरोपीच्या हाती बेड्या पडतात. आम्ही त्याला सांगितले, "बाबू, एका केसावरून फाशी होऊ नये, हे खरे. पण तो एक केस कोणी उचललाच नाही म्हणून आपल्या माणसांचे मारेकरी सुटू शकतात, हेही तितकेच खरे." त्या दिवशी बोलणे तिथेच थांबले. परंतु हा विषय चळवळीने गंभीरपणे घेण्यासारखा आहे, असे आम्हाला वाटत राहिले. म्हणून हा लेखनप्रपंच.

गावातल्या जातीय अत्याचाराच्या खटल्यांत काय होते, हे वाचकांना आम्ही नव्याने सांगायला नको. गुन्हा दिवसाढवळ्या घडतो. शंभर माणसे पाहतात. पोलीस चार-दहा जणांचे जबाब घेतात. पुढे तीन-चार वर्षे खटला रेंगाळतो आणि साक्षीची वेळ येते तेव्हा गावातली सगळी तोंडे बंद झालेली असतात. ज्याच्या शेतात मजुरीला जायचे, ज्याच्या दुकानातून उधार किराणा आणायचा, ज्याच्या बांधावरून गुरे न्यायची, त्याच्याविरुद्ध पिंजऱ्यात उभे राहून बोलणार कोण? नगर जिल्ह्यातील खर्डा येथे एप्रिल २०१४ मध्ये शाळेत शिकणाऱ्या आपल्या एका कोवळ्या मुलाला हालहाल करून मारण्यात आले. त्या खटल्यात एकामागून एक साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्व आरोपी निर्दोष सुटले. मुलगा मेला हे खरे, परंतु त्याला कोणीच मारले नाही, असा त्याचा अर्थ. हा न्याय आहे की न्यायाची थट्टा?

माणूस फितूर होतो. त्याला पैसा फिरवतो, भीती फिरवते, नातेगोते फिरवते. परंतु मृताच्या मुठीत अडकलेला केस फितूर होत नाही. त्याला मजुरी नको, किराणा नको, पाटलाची भीती नाही. म्हणून ज्यांच्या बाजूने गावात कोणी बोलत नाही, त्यांना अशा मूक साक्षीदाराची गरज सर्वांत जास्त आहे. फ्रान्समधील ल्योन शहरात एडमंड लोकार्ड या शास्त्रज्ञाने १९१० साली पोलिसांसाठी प्रयोगशाळा उभी केली. माणूस जिथे जातो तिथे आपले काहीतरी सोडतो आणि तिथले काहीतरी घेऊन येतो, हे त्याच्या कामाचे सूत्र. धूळ, धागा, माती, रक्त, केस. माणसाच्या डोक्यावरून रोज साधारण ५० ते १०० केस गळतात. झटापट झाली तर ते उपटलेही जातात. मारणारा कितीही मातब्बर असो, आपले केस मोजून कोणी घरी नेत नाही.

आता हा केस काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे नीट समजून घेतले पाहिजे. अर्धवट माहितीने फायदा कमी आणि घात जास्त होतो. सूक्ष्मदर्शकाखाली केसाचे तीन भाग दिसतात. बाहेरचे खवल्यांचे आवरण, आतला रंगद्रव्याचा भाग आणि मधला गाभा. त्यावरून केस माणसाचा की जनावराचा, हे कळते. डोक्याचा की शरीराच्या दुसऱ्या भागाचा, हे कळते. त्याला कलप लावला होता काय, तो जळाला होता काय, हे कळते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तो आपोआप गळला, कापला गेला की जोर लावून उपटला गेला, याचा अंदाज त्याच्या मुळावरून आणि टोकावरून येतो. मुळाशी कातडीचा अंश चिकटलेला असेल तर त्यातून केंद्रकातील डीएनए मिळू शकतो आणि तो केस अमक्याच माणसाचा, असे मोठ्या खात्रीने सांगता येते. मूळ नसेल, नुसता दांडा असेल, तर सहसा मायटोकॉण्ड्रियातील डीएनए हाती लागतो. तो आईकडून येतो. म्हणजे आई, तिची सगळी मुले, मावशी, मावशीची मुले या साऱ्यांचा तो सारखाच असतो. ज्या गावात अर्धी वस्ती एकमेकांच्या नात्यात आहे, तिथे अशा अहवालावरून एकाच माणसाकडे बोट दाखवता येणार नाही.

आणि नुसत्या डोळ्यांनी केला जाणारा मिलाफ? दोन केस शेजारी शेजारी ठेवून "हे सारखे दिसतात" म्हणणे? त्यावर आंधळा विश्वास ठेवला तर काय होते, हे अमेरिकेने जगाला दाखवून दिले आहे. वॉशिंग्टन शहरात १९७८ मध्ये एका टॅक्सीचालकाचा खून झाला. मारेकऱ्याने तोंडावर ओढलेल्या मोज्यात १३ केस सापडले. त्यातला एक केस १७ वर्षांच्या एका कृष्णवर्णीय मुलाच्या केसाशी जुळतो, असे एफबीआयच्या तज्ज्ञाने न्यायालयात सांगितले. हा केस दुसऱ्या कोणाचा असण्याची शक्यता कोटीत एक असावी, असे सरकारी वकिलाने पंचांपुढे ठोकून दिले. १९८० मध्ये मुलाला शिक्षा झाली. २०१२ मध्ये त्या केसांची डीएनए तपासणी झाली तेव्हा एकही केस त्याचा निघाला नाही. एक केस तर चक्क कुत्र्याचा होता! तोपर्यंत त्या माणसाची २८ वर्षे तुरुंगात सडून गेली होती.

हा एकट्याचा प्रसंग नव्हता. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २००९ च्या अहवालातच बजावले होते की, केंद्रकातील डीएनएची जोड नसेल तर नुसत्या केसाच्या तुलनेवरून विशिष्ट माणूस ठरवण्याला शास्त्राचा आधार नाही. पुढे एप्रिल २०१५ मध्ये एफबीआयला स्वतःच कबूल करावे लागले की, केसाची साक्ष आरोपीविरुद्ध वापरली गेलेल्या २६८ खटल्यांपैकी २५७ खटल्यांत तज्ज्ञांनी शास्त्राला सोडून विधाने केली होती. २८ पैकी २६ तज्ज्ञ त्यात सापडले. त्यातल्या ३३ खटल्यांत आरोपींना फाशीची शिक्षा झाली होती आणि तपासणी होईपर्यंत त्यातले काही जण फासावर गेलेही होते. विज्ञान खोटे नव्हते. विज्ञानाचा झगा घालून खोटे बोलले गेले.

वाचक म्हणतील, हे अमेरिकेचे झाले, आमच्याकडचे काय? आमच्याकडचे त्याहून वाईट आहे. नाशिक जिल्ह्यात जून २००३ मध्ये एका शेतवस्तीवर दरोडा, खून आणि बलात्कार असा भीषण गुन्हा घडला. पोलिसांनी भटक्या जमातीचे सहा गरीब मजूर पकडले. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांची फाशी कायम केली. त्यांच्यातला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे नंतर सिद्ध झाले. अखेर ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने आपला जुना निकाल मागे घेऊन सहाही जणांना निर्दोष सोडले. त्यांना गुन्ह्याशी जोडणारा शास्त्रीय पुरावा उभा राहिलेला नव्हता. जखमी साक्षीदाराने सुरुवातीला पोलिसांकडच्या फोटोंतून भलत्याच चार जणांना ओळखले होते आणि त्या चौघांचा तपास झालाच नव्हता. हे लोक भटक्या जमातीचे, समाजाच्या तळातले आणि गरीब असल्यामुळे त्यांना खोटे गोवले गेल्याची शक्यता नाकारता येत नाही, असे न्यायालयानेच नोंदवले. प्रत्येकाला ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले. सोळा वर्षे तुरुंगात आणि त्यातली कित्येक वर्षे फाशीच्या छायेत. पाच लाखांत त्याची किंमत होते काय?

म्हणजे बघा. आपला माणूस मेला तर शास्त्रीय पुरावा गोळा होत नाही. आणि आपला माणूस आरोपी असला तर शास्त्रीय पुरावा नसतानाही त्याला फाशी होते. दोन्ही बाजूंनी नुकसान कोणाचे? म्हणूनच प्रयोगशाळा, नमुने, पंचनामा हे विषय आमच्या मते केवळ पोलिसांचे नाहीत. ते सामाजिक न्यायाचे विषय आहेत.

खैरलांजी आम्ही विसरलेलो नाही, विसरणारही नाही. जून २००६ मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेतील दुरुस्ती लागू झाली. आरोपीच्या वैद्यकीय तपासणीत रक्त, वीर्य, घाम, नखांचे तुकडे आणि केसांचे नमुने घेऊन डीएनएसह आधुनिक तंत्राने तपासावेत, हे तिने कायद्यात स्पष्ट शब्दांत लिहिले. त्यानंतर तीनच महिन्यांनी, २९ सप्टेंबर २००६ रोजी, भंडारा जिल्ह्यात भोतमांगे कुटुंबातील चौघांचे हत्याकांड झाले. प्रेते कालव्यात टाकली गेली. पाण्यात पडलेल्या देहावरचा पुरावा किती टिकणार? त्यातही पहिले शवविच्छेदन इतके अपुरे होते की पुरलेली प्रेते उकरून दुसरे करावे लागले. तोवर निसर्गाने आपले काम केले होते. आरोपपत्रात बलात्काराचे कलम आले नाही. ॲट्रॉसिटी कायदा ना २००८ च्या भंडाऱ्याच्या निकालात लागला, ना २०१० च्या नागपूर खंडपीठाच्या निकालात. त्या हत्याकांडाच्या निषेधासाठी आमच्या अमरावतीत समाज रस्त्यावर उतरला तेव्हा नोव्हेंबर २००६ मध्ये पोलिसांच्या गोळीने एका तरुणाचा बळी गेला. गोळी झाडायला यंत्रणेला उशीर लागला नाही. पुरावा गोळा करायला मात्र तिच्याकडे ना घाई होती, ना इच्छा.

केसाचा आणखी एक पैलू आहे आणि तो फक्त आम्हालाच कळेल. या देशात केस हा नुसता केस कधीच नव्हता. विधवेचे केशवपन करणाऱ्या धर्माविरुद्ध १८९० च्या सुमारास मुंबईत नाभिकांचा संप घडवून आणला तो नारायण मेघाजी लोखंडे आणि सत्यशोधकांनी. आपल्या बापजाद्यांचे केस कापायला गावचा न्हावी तयार नसे आणि आपल्या पोराने मिशीला पीळ दिला तर आजही कोणाकोणाच्या पोटात दुखते. म्हणूनच २०१५ च्या दुरुस्तीने ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(१) मध्ये जबरदस्तीने मुंडण करणे आणि मिशा काढणे हा स्पष्ट गुन्हा ठरवला. अशा गुन्ह्यात जमिनीवर पडलेले केस हाच मुख्य पुरावा असतो. ते कापले, भादरले की उपटले, हे प्रयोगशाळा सांगू शकते. परंतु होते काय? अपमानाने खचलेले आपले लोक घरी येतात, आंघोळ करतात आणि अंगण झाडून टाकतात. लाजेपोटी आपणच पुरावा केरात टाकतो. लाज कोणाला वाटायला पाहिजे होती?

आणि इथे कायद्यात एक मोठी फट आहे, तिच्याकडे वाचकांचे लक्ष वेधणे आम्हाला आवश्यक वाटते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक विज्ञानाच्या तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करणे बंधनकारक केले गेले. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंतची मुदत दिली. खून, बलात्कार त्यात येतात. परंतु ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(१) खालील गुन्ह्यांना जास्तीत जास्त शिक्षा पाच वर्षांची! म्हणजे मुंडण करणे, नग्न धिंड काढणे, तोंडाला काळे फासणे या गुन्ह्यांत तज्ज्ञ आलाच पाहिजे, अशी सक्ती त्या कलमाने होत नाही. ज्या गुन्ह्यांत साक्षीदार हमखास फुटतात, नेमके त्याच गुन्ह्यांत मूक साक्षीदार गोळा करायला कोणी येणार नाही. राज्य सरकारने स्वतःच्या अधिकारात ॲट्रॉसिटीच्या प्रत्येक गुन्ह्यात न्यायसहायक पथक पाठवण्याचा आदेश काढावा, ही आमची पहिली मागणी आहे.

दुसरी गोष्ट तिवस्याची. प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा अमरावतीला आहे. तिवसा ते अमरावती म्हणजे महामार्गाने एसटीचा तासाभराचा प्रवास. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डीएनए नमुन्यांबाबत देशातील सर्व पोलिसांना निर्देश दिले. नमुना घेतल्यापासून ४८ तासांच्या आत तो प्रयोगशाळेत पोहोचला पाहिजे, उशीर झाला तर कारण नोंदवले पाहिजे, न्यायालयाच्या परवानगीशिवाय मोहोरबंद पाकीट उघडता कामा नये आणि नमुना कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला याची नोंदवही ठेवली पाहिजे. मग तिवस्याच्या किंवा जवळपासच्या कोणत्याही ठाणेदाराला "प्रयोगशाळा लांब आहे" हे कारण सांगता येईल काय? मोझरीच्या पलीकडे अमरावती आहे, सातासमुद्रापलीकडे नाही. मुद्देमाल खोलीत धूळ खात पडलेले पाकीट न्यायालयात उघडते तेव्हा आरोपीचा वकील एकच प्रश्न विचारतो, "इतके दिवस हे कोणाकडे होते?" आणि खटला तिथेच मरतो.

परंतु सगळे पोलिसांवर ढकलून आम्हाला मोकळे होता येणार नाही. आमचेही चुकते. घटना घडली की आपण आधी गर्दी करतो, मग मोर्चा काढतो, मग निवेदन देतो. मोर्चा हवाच. परंतु पहिल्या चोवीस तासांत मोर्च्याइतकेच महत्त्वाचे काम दुसरे असते. मयताच्या अंगावरचे कपडे कोणी काढू नयेत, धुऊ नयेत. हात धुऊ नयेत, कारण नखांत आणि मुठीत पुरावा असतो. घटनास्थळी गर्दी होऊ देऊ नये, कारण आपल्याच शंभर माणसांचे केस तिथे पडले तर मारेकऱ्याचा एक केस त्यात हरवतो. पंचनामा होताना आपला एक शिकलेला माणूस तिथे उभा असावा. केस कागदाच्या पुडीत, कोरडे, वेगवेगळ्या पाकिटांत जावेत. प्लास्टिकच्या पिशवीत दमट होऊन ते खराब होतात. पाकिटावर तारीख, वेळ, जागा आणि पंचांच्या सह्या असाव्यात. तुलनेसाठी आरोपीचे आणि मयताचेही केस डोक्याच्या वेगवेगळ्या भागांतून, मुळासकट, वीस-पंचवीस तरी घेतले गेले की नाही, हे विचारावे. पीडित स्त्री जिवंत असेल तर तिच्या संमतीने चोवीस तासांत वैद्यकीय तपासणीसाठी पाठवण्याची तरतूद कायद्यात आहे. ती अंगावरच्या कपड्यांनिशी दवाखान्यात गेली पाहिजे. तिला आंघोळ घालून, नवे लुगडे नेसवून नेणाऱ्या आयाबायांची माया आम्हाला समजते. पण मायबाई, त्या पाण्याबरोबर पुरावा वाहून जातो.

एफआयआरची प्रत विनामूल्य मिळणे हा ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम १५(अ) ने दिलेला हक्क आहे. त्याच कलमाने खटल्याच्या महत्त्वाच्या टप्प्यांवर पीडिताला म्हणणे मांडण्याचा अधिकार दिला आहे. तो वापरून सीए रिपोर्ट आला की नाही, नमुने कधी गेले, हे लेखी विचारावे. प्रत्येक तालुक्यात दोन वकील, एक डॉक्टर किंवा परिचारिका आणि विज्ञान शाखेची चार पोरे मिळून एवढे काम करू शकतात. आमची मुले आता बी.एस्सी., एम.एस्सी. होतात. न्यायसहायक विज्ञान हा विषय नागपूर, अमरावती, औरंगाबादसारख्या शहरांत शिकवला जातो. आमच्या किती मुलामुलींनी तिकडे वळायचे ठरवले? डॉक्टर, इंजिनीअर झालेच पाहिजे. परंतु प्रयोगशाळेच्या टेबलावर तो केस ज्याच्या हातात येतो, तो माणूसही आपल्यातला का नसावा?

आणि एक इशारा. शास्त्रीय पुराव्याची मागणी करताना सरकारच्या हाती आंधळे हत्यार देऊ नका. २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने पोलिसांना बोटांचे ठसे, डोळ्यांची बुबुळे, जैविक नमुने गोळा करून त्याची नोंद ७५ वर्षे ठेवण्याचा अधिकार दिला. त्याचा पहिला फास कोणाच्या गळ्यात पडेल? इंग्रजांनी १८७१ मध्ये जन्माने गुन्हेगार ठरवलेल्या आणि १९५२ मध्ये कागदावर विमुक्त झालेल्या जमातींच्या. आमच्या तालुक्यात चोरी झाली की पहिली जीप पारधी बेड्यावर जाते, हे कोणाला माहीत नाही? म्हणून आमची भूमिका दुहेरी आहे. नमुना घ्या, परंतु कायद्याने घ्या. अहवाल द्या, परंतु केस जेवढे सांगतो तेवढेच लिहा. मुळाचा डीएनए जुळला असेल तर ठामपणे सांगा, नुसता दिसायला सारखा असेल तर "सारखा दिसतो" एवढेच म्हणा. जो निकष आमच्या मारेकऱ्याला, तोच निकष पारध्याच्या पोराला. कमी नाही, जास्त नाही.

तथागतांनी कालामांना सांगितले ते हेच की, ऐकीव म्हणून, परंपरा म्हणून, मोठ्या माणसाने सांगितले म्हणून काही मानू नका, तपासून पाहा. बाबासाहेबांनी आम्हाला धम्म दिला तो याच तपासणाऱ्या बुद्धीचा, आणि संविधान दिले ते कायद्यापुढे सर्वांना समान ठेवणारे. ज्या समाजाचा शब्द गावच्या चावडीवर कधी खरा मानला गेला नाही, त्याच्यासाठी पुरावा ही चैनीची वस्तू नाही, जगण्याची गरज आहे. तिवस्याच्या त्या तरुणाला आमचे आता एवढेच सांगणे आहे. पुढच्या वेळी कुठे घटना घडली तर मोर्च्याच्या आधी तू तिथे पोहोच, गर्दी बाजूला कर आणि ठाणेदाराला नम्रपणे पण ठामपणे विचार, "साहेब, केस उचलले का? पाकीट सील झाले का? अमरावतीला कधी पाठवता?" हे तीन प्रश्न विचारणारा एक तरुण प्रत्येक गावात उभा राहिला, तर हा मूक साक्षीदार तरी फितूर होणार नाही.

जयभीम!